लेन्सच्या डबीतलं पवित्र पाणी

राजोडी गावचा प्लासिड म्हणजे घरातला एकमेव शहाणा. केळीच्या वाडीपासून लेकीच्या डोळ्यांपर्यंत सगळ्यातलं त्यालाच कळायचं. 'चुकलो' म्हणायचं तर त्याचा जीव जायचा.

लेक एमिली चौदा वर्षांची, शाळेच्या फुटबॉल संघाची गोलकीपर. चष्मा लावून गोलात उभं राहता येईना, म्हणून डॉक्टरांनी तिला रात्रीच्या लेन्स दिल्या होत्या. ऑपरेशन नाही, काही नाही. झोपताना घालायच्या, सकाळी काढायच्या, की दिवसभर चष्म्याविना लख्ख दिसतं. एक रात्र चुकली की मात्र पुन्हा अंधुक. तीन महिन्यांत पोर अशी काय खुलली होती म्हणता!

उद्या विरारला जिल्ह्याच्या संघाची निवड. संध्याकाळी रोझरीची प्रार्थना झाल्यावर प्लासिडने घरातल्या आल्तारवरची, चर्चमधून आणलेल्या पवित्र पाण्याची बाटली गुपचूप उचलली आणि लेन्सच्या डबीत चार-चार थेंब सोडले. वाडीतल्या नव्या पंपावर शिंपडतो, परीक्षेला निघालेल्या पोरीवर शिंपडतो, मग डोळ्यांनीच काय घोडं मारलंय?

झोपायच्या वेळी एमिली हात धुऊन कोरडे करत बसली. पुसते आहे, पुन्हा पुसते आहे.

"अगं, किती पुसशील?"

"पप्पा, लेन्सला पाणी लागलं तर डोळ्यात जंतू जातात. डॉक्टर म्हणाले, डोळाही जाऊ शकतो."

आपलं पाणी पवित्र आहे, असं प्लासिडने मनाला सांगून पाहिलं, पण पटेना. बाटली गेल्या ईस्टरपासूनची. बोलावं तर पोरीचा उद्याचा दिवस गेला. न बोलावं तर... एमिलीने डबीचं झाकण उघडलं.

"घालू नको!" तो ओरडलाच. "मी त्यात पवित्र पाणी टाकलंय. चुकलो मी, बाळा."

एमिली ढसाढसा रडली. डॉक्टर फोनवर म्हणाले, आज लेन्स अजिबात नकोत, उद्या डबीसकट घेऊन या.

दुसऱ्या दिवशी लांबून आलेले दोन चेंडू तिला उशिरा दिसले. निवड झाली नाही. कुंपणाशी उभ्या प्लासिडला तोंड कुठे लपवू असं झालं. मग दवाखान्यात डॉक्टरांनी डोळे तपासले, लेन्स साफ करून नव्या डबीत दिल्या. घरी येईपर्यंत पोरीने ती डबी स्वतःच्याच मुठीत धरली.

रात्री ती लेन्स घालायला बसलेली दिसताच प्लासिड दारातूनच मागे वळला.

"पप्पा, या ना," एमिली म्हणाली. "सगळं नीट आहे का, बघा. नसलं तर तुम्ही सांगाल, कालच्यासारखं."