सोनाबाईंच्या घड्याळामागची कुंभारीण

मी एक जुनी कुंभारीण आहे. जुनी म्हणजे किती? पाऊस ओसरला तेव्हा मी जन्मले आणि अजून थंडीही नीट पडलेली नाही. हसू नका, मित्रांनो! आमच्यात एवढ्यातच म्हातारपण येतं. माझ्या पंखांच्या कडा फाटल्यात, उडताना मी एका बाजूला कलते.

मला ओळखायचं कसं, ते आधी सांगते. अंग काळंभोर, पायांवर पिवळे पट्टे, आणि कंबर अशी की छाती आणि पोट दोऱ्यानं बांधलंय की काय असं वाटावं. मी एकटी राहते. मला ना पोळं, ना राणी, ना मैत्रिणी. चिखल आणायचा, भिंतीवर लिंपायचा, लिंपताना गुणगुणायचं, हे माझं काम.

लोधिवलीतल्या सोनाबाईंच्या घरात भिंतीवरच्या घड्याळामागे मी पहिला थर लावला. मोरीचं पाणी अंगणात जिथं मुरायचं तिथली माती काय सुंदर होती! मऊ, चिकट, एकसुद्धा खडा नाही. पण सोनाबाईंच्या मुलानं, ऋषिकेशनं, मला पाहिलं आणि झाडूच उचलला.

"आये, गांधीलमाशी! घरात घर करतेय बघ!"

"दादा, थांब रं!" नववीतली माधवी दप्तर टाकून धावली. "गांधीलमाश्या घोळक्यानं राहतात. त्यांचं घर कागदासारखं असतं. ही एकटी हाय, माती आणते. आणि कंबर तर बघ तिची!"

"तुझ्यापेक्षा बारीक हाय खरी."

"गप रं! कुंभारीण हाय ती. उगाच चावत नाय कोणाला."

ऋषिकेशचा झाडू काही खाली येईना. शेवटी सोनाबाईच चुलीपासून उठल्या. "ठेव तो झाडू. सूनबाय पोटुशी हाय ना? घरात पोटुशी बाई असताना कुंभारणीचं घर मोडत नायत. बाळंत होईस्तवर हात लावायचा नाय कोणी."

सूनबाई म्हणजे संध्या. तिला माहेरी कोणी उरलं नव्हतं, म्हणून बाळंतपण सासरीच होणार होतं. तिच्या पोटातल्या बाळानं मला अभय दिलं. मला केवढा मान वाटला म्हणून सांगू!

मग मी कामाला लागले. मातीची एकेक लांबट खोली बांधायची, तिच्यात कोळी भरायचे, एका कोळ्यावर अंडं घालायचं आणि तोंड लिंपून टाकायचं. कोळ्याला मी मारत नाही. नांगी टोचून सुन्न करते. माधवीनं मला कोळी आणताना पाहिलं आणि नाचतच वहिनीकडे गेली.

"वहिनी, तो कोळी जिता हाय! फक्त हलत नाय. अळी बाहेर आली की तिला ताजं खायला मिळावं म्हणून!"

"म्हंजे लेकरांचा डबा भरून ठेवते की गं ती," संध्या पोटावर हात ठेवून हसली. "मला कोन भरतो डबा? तुझा दादा तर स्वतःचापण विसरून जातो!"

माधवीनं हिशेबही मांडला. माझी पिल्लं दिवाळीच्या सुट्टीत माती फोडून बाहेर येणार आणि वहिनीचं बाळ त्यानंतर. म्हणजे सगळं जमणार! मीसुद्धा त्या हिशेबावर विसंबले. आम्हाला आमची लेकरं दिसत नाहीत, मित्रांनो. आत अळी खाते, कोश विणते, झोपते आणि आई बाहेरून नुसती भिंत पाहते. मी रोज पाहायची.

पण संध्याचं बाळ लवकर आलं. अंगणात दिवाळीचा कंदीलही लागला नव्हता. खोपोलीच्या दवाखान्यातून ती इवलंसं बाळ घेऊन घरी आली आणि पाचवीच्या पूजेसाठी झाडलोट सुरू झाली. अंगणात पाहुण्यांचे पाय भरू नयेत म्हणून मोरीपुढच्या ओल्या जागेवर फरशी बसली.

"आता झालं तिचं काम," सोनाबाई घड्याळाकडे बघून म्हणाल्या. "काढ रं ते."

"आई, र्‍हाऊ द्या ना थोडं दिस," संध्या अंथरुणावरूनच म्हणाली. "माधवी म्हनते, आत अजून पिल्लं हायेत."

"अगं, तान्हं लेकरू हाय घरात. त्यातला कोळी-बिळी पडला अंगावर म्हंजे?"

माधवी शाळेत होती. ज्या बाळासाठी माझं घर राखलं, त्याच बाळासाठी ऋषिकेशनं उलथनं लावलं. माती लगेच सुटली. मी त्याच्या डोक्याभोवती फिरत राहिले. मला चावायचं सुचलंच नाही, कारण घर राखायला चावावं हे आमच्या अंगातच नाही.

माधवी आली तेव्हा सगळं अंगणातल्या फरशीवर पडलेलं होतं. तिनं गुडघे टेकले. कोळ्यांचे पाय अजून थरथरत होते. अळ्या पांढऱ्या, उघड्या पडलेल्या. कोश तपकिरी, फाटलेले. आणि मुंग्यांची रांग कधीच पोचली होती.

"आये, बघ ना. मी म्हनले तशीच सगळी हायेत," ती म्हणाली. पण या वेळी नाचली नाही.

सोनाबाई दारात आल्या, खाली वाकल्या. "मला काय ठाव गं, एवढी हायेत आत," त्या हळूच म्हणाल्या आणि पदरानं मुंग्या झटकू लागल्या. एक खोली अखंड दिसली म्हणून माधवीनं ती उचलून घड्याळावर ठेवली. मी तिथं बसून पाहिलं. तळाला चीर होती. चिरेतून मुंग्या आत-बाहेर करत होत्या.

नवं घर बांधावं, तर ओली माती फरशीखाली गेली. आणि या पंखांनी मी आता ओढ्यापर्यंत पोचत नाही.

मित्रांनो, मला कोणी ओळखलं नाही, अशी माझी तक्रार नाही. माधवीनं मला नीट ओळखलं, सोनाबाईंनी मला मान दिला. तुमच्याही भिंतीवर माझ्यासारखी कुणी बसली, तर तिला अभय देताना एवढंच करा. मुदत तुमच्या बाळावरून ठरवू नका, तिच्या लेकरांवरून ठरवा. मातीला आतून भोकं पडली की समजा, घर रिकामं झालं. मग खुशाल मोडा.

घड्याळामागे मातीचा डाग राहिलाय, त्यावर मी बसलेय. खाली पाळण्यात बाळ रडतंय आणि सगळं घर धावतंय. धावायलाच हवं. माझी लेकरं मातीत होती, त्यांना रडता येत नव्हतं.