दुसऱ्याच्या डोळ्यांसाठी दुर्बीण

टेकूशेठनं काउंटरवर ठेवलेली दुर्बीण तान्ह्या बाळाएवढी होती.

"दीदी, ये लो. बीस-पचास. अख्ख्या कॅम्प दोनच्या मार्केटमध्ये यापेक्षा मोठी कोणाकडे नाय. समोरचा बोर्ड वाचून दाखव."

मी दुकानाच्या दारात उभी राहून रस्त्यापलीकडच्या साडीवाल्याचा बोर्ड वाचला. त्याखालचा मोबाईल नंबर वाचला. नंबरावर बसलेल्या माशीचे पायही मोजता आले असते. शनिवारी दुपारचे तीन वाजलेले, एप्रिलचं ऊन. इथे दुर्बीण अशीच घेतात. दारात उभं राहायचं, बोर्ड वाचायचा, वाचता आला की पिशवीत टाकायची. माझी पहिली मी अशीच घेतली होती, आणि पुढचे सहा महिने मला वाटत होतं की बदलापूरच्या पक्ष्यांना थंडी वाजते. सगळेच थरथरत होते.

"शेठ, दिवे बंद करा. शटर अर्धं खाली घ्या. मला माळ्याखालच्या अंधारात बघायचंय."

"साईं! लोक काय बोलतील?"

पण केले बंद. पंधरा वर्षं ओळखतो तो मला.

रविवारी सकाळी मला बेहड्याच्या एका झाडाच्या ढोलीतली धनेशाची मादी दाखवायची होती. बारवी धरणाच्या अंगाला चंद्रीची वाडी आहे. चंद्री बदलापूरला रानभाज्या विकायला बसते, तिथेच आमची ओळख झाली. वाडीचा रस्ता रुंद होतोय आणि बेहडा बरोबर मध्ये येतो. सोमवारी तोडणार होते. धनेशाची मादी अंडी घालायच्या वेळी ढोलीत शिरते आणि दार आतून लिंपून घेते. चोच बाहेर निघेल एवढीच फट ठेवते. पिसंही झडतात तिची, उडता येत नाही. नर बाहेरून भरवतो. झाड पडलं तर ती आणि पिलं आतल्या आत जाणार.

हे सगळं मी बुधवारी रस्त्याच्या कामाच्या म्हसकर साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "ढोल्या कुठल्याही झाडाला असतात, बाई. फोटो कुठलाही आणता येतो. माझ्या डोळ्यांनी बघेन, तर पिलं उडेपर्यंत काम थांबवेन." आणि एक सकाळ दिली, दहा वाजेपर्यंतची. माझी जुनी दुर्बीण नेमकी गेल्या महिन्यात खडकावर आपटली होती आणि तेव्हापासून एकाचे दोन पक्षी दाखवत होती. साहेबांना दोन माद्या दाखवून भागलं नसतं.

ढोलीची फट सावलीत होती, आणि अंधारात बीस-पचासमधून नुसता काळा चिखल दिसला, तोही हलणारा. मग मी मागच्या फळीवरची लहान दुर्बीण मागितली. आठ-बेचाळीस. पहिला आकडा किती पट जवळ दिसतं त्याचा, दुसरा पुढच्या काचेच्या रुंदीचा. दुसऱ्याला पहिल्यानं भागलं की डोळ्यात उजेड किती उतरतो ते कळतं. मला हे कुणी शिकवलं नाही. अंबरनाथच्या कारखान्यात पॅकिंगला असते मी, तिथे जेवणाच्या सुट्टीत खोक्यांवर पेन्सिलीनं भागाकार करून शिकले. माळ्याखाली रचलेल्या खोक्यांवरची अक्षरं हळूहळू उमटली. हात हलला तरी ती जागची हलली नाहीत.

"छोटी घेणार? सगळे मोठी मागतात, दीदी. नवरा पण असाच निवडला काय?"

"नवरा भर उजेडात बघून घेतला होता, शेठ. म्हणून तर आता दिवे बंद करायला लावते."

उजव्या डोळ्याची चकती माझ्या नजरेला जुळवली, पट्टा माझ्या गळ्याच्या मापाचा केला आणि खुशीत बुवापाड्याला घरी आले.

रविवारी साडेआठला म्हसकर साहेब आले. मी आणि चंद्री कोरड्या नाल्याच्या अलीकडे, करवंदीच्या जाळीमागे बसलो होतो. बेहडा ऐंशी पावलांवर. त्याहून जवळ गेलं तर नर येत नाही. साहेब शेजारी उकिडवे बसले आणि त्यांनी चष्मा पुसायला काढला. बाटलीच्या बुडासारख्या काचा. बुधवारी मी त्या चष्म्याशी अर्धा तास भांडले होते आणि शनिवारी दुकानात तो मला एकदाही आठवला नाही.

नऊ वाजले. सव्वानऊ. साहेब घड्याळ बघत होते. साडेनऊला त्यांचा फोन वाजला आणि चंद्रीनं त्यांच्याकडे असं बघितलं की त्यांनी तो बंदच करून टाकला.

"ताय," चंद्री पुटपुटली, "आला."

राखाडी नर वाकड्या चोचीनं फांदीवर उतरला. गळा फुगलेला. धनेश घशात चार-पाच उंबरं भरून आणतो आणि एकेक काढून भरवतो. ती संपली की गेला, पुन्हा कधी येईल सांगता येत नाही. मी दुर्बीण साहेबांच्या हातात दिली.

"काहीच दिसत नाही. बटणाएवढं भोक दिसतंय."

"येक दिलं," चंद्री म्हणाली. तिला दुर्बीण लागत नाही.

साहेबांनी चष्मा काढला. "आता तर सगळंच धुरकट."

"चष्मा घाला! काढू नका!" मी ओरडलेच असते, आवाज दाबून म्हणाले. त्यांनी तो परत घातला.

"दोन."

चष्म्यामुळे डोळा काचेपासून लांब पडत होता. रबराच्या कड्या आत बसवायला हव्या होत्या. मी त्यांच्या हातातली दुर्बीण ओढली, ते सोडेनात.

"अहो बाई, मी बघतोय ना!"

"तीन. सायेब, सोडा की."

कड्या फिरवल्या. एक फिरली, एक अडकली. बोटांना घाम सुटला होता. साडीच्या पदरानं धरून फिरवली. परत दिली.

"मोठं दिसतंय. पण उजवीकडचं फुटल्यासारखं..."

चकती. ती माझ्या डोळ्याची होती.

"चार. घसा खाली गेला त्याचा."

मी त्यांच्या नाकासमोरच चकती शून्यावर आणली. त्यांचा श्वास माझ्या मनगटाला लागत होता. पंखांचा मोठा फडफडाट झाला, एखादी चटई झटकावी तसा.

"गेला," चंद्री म्हणाली.

साहेबांनी दुर्बीण खाली केली. "नर बघितला मी, उडताना. पण नुसता पक्षी झाडावर बसला होता, एवढंच माझ्या डोळ्यांनी सांगता येईल. बाई, पावणेदहा झाले."

"दहा मिनिटं," मी म्हणाले. "फक्त फटीकडे बघा."

ते बघत राहिले. बहुतेक मला वाईट वाटू नये म्हणूनच. एकदा म्हणाले, "साल किती स्वच्छ दिसते हो." मादी आता भरल्या पोटानं आत बसून राहणार. माझ्यासाठी कशाला चोच बाहेर काढेल? माझा सगळा हुशार भागाकार त्या एका चकतीपाशी चुकला होता, आणि सोमवारी करवत येणार होती.

साहेब एकदम दचकले. "अरे! आतून कुणीतरी... पिचकारी!"

"हगली," चंद्री म्हणाली. "घर घान नाय करत ती. फटीला बूड लावून भायेर उडवते."

"आणि आता चोच दिसते! पिवळट. कचरा टाकतेय बाहेर. एक, दोन... अहो, आत आहे की ती!"

आवाज एखाद्या पोरासारखा झाला होता. त्यांनी फोन सुरू केला आणि कुणाला तरी सोमवारची करवत थांबवायला सांगितली. मग मांडीवर कागद घेऊन लिहायला लागले आणि थांबले.

"पिलं उडाली, हे मला कोण सांगणार? तुम्ही तर हे झाड कधीच पडू देणार नाही, बाई."

खरं होतं. मी ऑगस्टपर्यंत खोटं बोलले असते.

"मी सांगन," चंद्री म्हणाली. "रस्ता मलाच पायजे, सायेब. माझ्या सुनंला डोलीत घालून न्यावी लागली, वाटंत बाळंत झाली. मी येक दिस बी उशीर नाय करनार. पर येक दिस आधी बी नाय."

साहेबांनी कागदावर तिचं नाव लिहिलं. मला थोडं लागलं. मग लाज वाटली. चार वर्षं मी त्या वाडीत येते, तिच्या घरचा चहा पिते, आणि रस्ता हवा का, असं एकदाही विचारलं नव्हतं. मी नेहमी वरच बघत आले.

"चला," चंद्री उठली, "च्या टाकते. सायेब, तुमी बी. आनि हळू बोला, ती ऐकते."