नेलिदाचं फाटक

नेलिदाने औषधाची तीच मागणी तिसऱ्यांदा सर्व्हरकडे पाठवली. खाटेच्या क्रमांकाच्या जागी रुग्णाचा क्रमांक, आणि तरीही ती बिनबोभाट आत गेली.

औषधवाटपाचा हा प्रोग्राम देताना मोंतेविदेओच्या हॉस्पिटलवाल्यांना तिने छातीठोक सांगितलं होतं, "आकड्यांची अशी अदलाबदल असली तर कंपायलर, म्हणजे कोड तपासणारं आमचं फाटक, प्रोग्राम बनूच देणार नाही. दोन्ही आकडेच असले तरी आमच्या फाटकाला त्यांची जात कळते." गेल्या आठवड्यात एकाचं औषध दुसऱ्याच्या खाटेपाशी पोचलं. नर्स सावध होती म्हणून निभावलं.

तिचा भागीदार वॉल्तेर याने येर्बाच्या पाल्याने भरलेल्या तुंब्यात गरम पाणी ओतून तो तिच्या हातात दिला. दोघं अकरा वर्षं एकाच तुंब्यातून येर्बा पीत आलेली. थर्मास संपण्याआधी 'धन्यवाद' म्हटलं की आता माझ्यासाठी भरू नकोस, एवढाच अर्थ. नेलिदा तो शब्द मध्येच कधी बोलली नव्हती.

"सोड गं आता. तीनला हॉस्पिटलची माणसं येतील. पत्र वाच आणि मोकळी हो."

पत्रात चूक तिची होती आणि राजीनामाही तिचाच. त्यातला 'कदाचित' काल वॉल्तेरनेच खोडला होता. बरं दिसत नाही, म्हणाला.

त्याच्या फायली ती कधी तपासत नसे. आज उगाचच एक उघडली. अगदी तळाशी एक ओळ होती: येईल तो आकडा खाटेचाच समज, अशी कंपायलरला सक्ती करणारी. तिने ओळीचा इतिहास काढला. लिहिणारा वॉल्तेर, चौदा महिन्यांपूर्वी. परवा सकाळी, दोघं शोधायला बसायच्या तासभर आधी, त्यानेच ती जुन्या जागेवरून उचलून इथे आणून ठेवली होती.

घाईत कुणीही चुकतं, ते तिने पोटात घातलं असतं. पण तीन दिवस हा माणूस खांद्याला खांदा लावून तिच्याबरोबर शोधत होता!

तिने ओळ पुसली. कंपायलर लगेच अडला, एकेचाळीस ठिकाणी चुकीचा आकडा दाखवत.

"काही सापडलं?" वॉल्तेरने थर्मास उचलत विचारलं.

तिने नळीतून शेवटचा घोट ओढला आणि तुंबा त्याच्यापुढे ठेवला.

"धन्यवाद."

त्याचा हात तसाच राहिला. थर्मास अजून अर्धा भरलेला होता.

खाली बेल वाजली. नेलिदाने लॅपटॉप उघडाच उचलला.

"नेलिदा, अगं, पत्र राहिलं."

"तूच वाच. तुला पाठ असेल."