सावळारामांचं दुपारचं जेवण

मुरबाडकडच्या घरात भात बंद व्हायचा, तर एक तर मोठं दुखणं यावं लागतं किंवा शिकलेली मुलगी. सावळारामांच्या घरी दोन्ही होतं.

दुखणं म्हणजे मधुमेह. तो अकरा वर्षांचा जुना, घरच्यासारखाच झालेला. मुलगी म्हणजे मीना, शहापूरच्या एका कॉलेजात ग्रंथपाल. चार महिन्यांपूर्वी आई गेली, सुंदरा. दिवसकार्य आटोपून मीना कामावर परतली, पण आबा, म्हणजे सावळाराम, विसरायला लागलेत, पाण्याची मोटार चालू ठेवून झोपतात, असं शेजारच्या बाईजाकाकूनं फोनवर सांगितलं आणि ती मोठी रजा टाकून गावी आली. येताना कपड्यांची एक पिशवी आणली आणि पुस्तकांच्या दोन.

आई गेली तेव्हा मीना काहीच करू शकली नव्हती. आबांच्या बाबतीत तसं होऊ द्यायचं नाही, एवढं तिनं ठरवलं होतं. रक्तातली साखर वर्षानुवर्षं चढी राहिली की माणसाची आठवण झिजते, हे तिनं तीन ठिकाणी वाचलं. मग तिनं वेळापत्रक केलं आणि ते नेमकं तांदळाच्या डब्यावर चिकटवलं, म्हणजे डबा उघडायला गेलेल्या माणसाला आधी ते वाचावं लागेल. घरातली साखर आणि गूळ तिनं गावात वाटून टाकला. दुपारी ओट्सचा उपमा, वाफवलेली भाजी, जवसाची चटणी आणि चार अक्रोड.

पहिल्या दिवशी आबांनी ताटाकडे बराच वेळ पाहिलं.

"भात मागनं येतोय का?"

"भात नाही, आबा. हे मेंदूला चांगलं असतं."

"हा अक्रोड दिसतो पण मेंदूसारखाच," आबा म्हणाले आणि ताट उचलून मागच्या पडवीत गेले. आत उकडतं, बाहेर वारा लागतो, असं त्यांचं म्हणणं. अर्ध्या-पाऊण तासानं ताट चाटूनपुसून परत आलं.

"कसं झालं होतं?"

"पुस्तकात लिवल्यासारखं."

मीनाला ही पावती वाटली.

दीड महिना असा गेला. रोज सकाळी ती आबांच्या बोटाला सुई टोचून साखर मोजायची आणि वहीत लिहायची. आकडे असे सुरेख यायला लागले की ते शाळेच्या फळ्यावर लावावेत. एकच गोष्ट पुस्तकाप्रमाणे होत नव्हती. आबांचं डोकं सुधारायच्या ऐवजी बिघडत चाललं होतं.

एकदा त्यांनी मीनाला "सुंदरा" म्हणून हाक मारली आणि म्हशीची धार काढलीस का, असं विचारलं. म्हैस विकून नऊ वर्षं झाली होती. एकदा किशोरला, म्हणजे मीनाच्या धाकट्या भावाला, वाशिंदला फोन लावला आणि विचारलं, "तुझं लग्नाचं जमलं का रे कुठं?" किशोरला दोन मुली. बायको समोरच बसलेली, म्हणून तो घाईघाईनं "हो आबा, जमलं," म्हणाला आणि मग दिवसभर त्या उत्तराचे परिणाम भोगत राहिला.

मीना सगळं वहीत टिपत होती. तारीख, आबांचं वाक्य, तिचं उत्तर. ग्रंथपालाची शिस्तच ती. फक्त किती वाजता, तेवढं लिहायचं तिला सुचलं नाही.

शेवटी बहीणभावांचं ठरलं. घराला कुलूप लावायचं आणि आबांना वाशिंदला न्यायचं, चौथ्या मजल्यावर. किशोरच्या कारखान्याला शुक्रवारी सुट्टी, त्या दिवशी तो गाडी घेऊन येणार. आबांना सांगितलं तेव्हा ते नको म्हणाले नाहीत, हो म्हणाले नाहीत. दोन दिवस घराच्या खांबांना हात लावत फिरले. मीनानं ते पाहिलं आणि धोतरं घड्या करून बॅगेत भरली.

शुक्रवारी किशोर साडेअकराला पोचला. "जेवून निघू," मीना म्हणाली. आबांनी नेहमीसारखी जेवणाआधीची मधुमेहाची गोळी घेतली, ताट उचललं आणि पडवीत गेले. भाऊबहीण आत बसली. बारा वाजले, साडेबारा वाजले, एक वाजला. इतक्यात मागून बाईजाकाकूची हाक आली.

"मीने! भावजींना बघ गो! घामानं भिजल्यात!"

दोघं धावली. आबा पाटावर बसलेले. ताट तसंच भरलेलं. सदरा घामानं चिकटलेला, हात थरथरतायत. त्यांनी किशोरकडे अदबीनं पाहिलं आणि म्हणाले, "पावणे कुठल्या गावचे?"

किशोर मीनाकडे वळला. "बघ ताई. आता पोरगापण गेला आठवणीतून."

मीनाला पहिल्यांदा पुस्तकातलं काही आठवलं नाही. दिसला तो फक्त घाम. ती आतून यंत्र घेऊन आली, बोटाला टोचलं. आकडा आला अठ्ठेचाळीस. सत्तरच्या खाली जायला नको होता.

"साखर! किशोर, साखर आण!"

"कुठं आहे?"

साखर घरात नव्हती. तिनं स्वतःच्या हातानं हद्दपार केली होती. "काकू, तुमच्याकडे—" एवढंच तिच्या तोंडून निघालं. बाईजाकाकू सत्तरीची, पण कुंपणावरून अशी गेली की तिची शेळी बाजूला झाली. गुळाचं पाणी घेऊन आली. "तूच दिलेला गूळ हाय, धर," असं ऐकवायला ती विसरली नाही.

आबांना घोट नीट गिळता येत होते. पेला संपला. दहा-पंधरा मिनिटं गेली. मग आबांनी डोळे पुसले आणि म्हणाले, "किशोर? कवा आलास रे? कारखाना बंद पडला काय?"

किशोर हसला आणि हसताहसता त्यानं तोंड फिरवलं.

"आबा," मीना म्हणाली, "गोळी घेतलीत आणि जेवला नाहीत? दीड तास ताट पुढ्यात घेऊन काय करत होतात?"

आबा कुंपणाजवळच्या धोंड्याकडे बघत राहिले. धोंड्यावर केळीचं पान, पानावर ओट्सच्या उपम्याचा घास आणि एक अक्रोड.

"वाट बघत होतो."

"कुणाची?"

"कावळ्याची. तुझ्या आयेचा घास काढून ठेवतो मी दुपारचा. वरीसभर काढायचा ठरवलाय. आधी तिनं जेवायचं, मग मी. भात होता तवर कावळा ताट वाढायच्या आधी हजर. ह्या रांगोळीसारख्या पदार्थाला तो शिवत नाय. आठवड्यातनं दोनदा शिवला तर शिवला. आज निघायचं म्हणून जरा जास्त थांबलो."

"आणि बाकीच्या दिवशी?"

उत्तर बाईजाकाकूनं दिलं. ती आपल्या शेळीकडे टक लावून बघत होती. शेळी चांगली गोल झाली होती.

"म्हंजे ही गाभण नाय? महिना झाला मी हिची निगा राखतेय, रातचं उठून बघतेय! भावजी, तुमी हिला मेंदूचं खायला घालत होताव?"

"टाकून कसं द्यायचं, वयनी? अन्न ते."

"अहो, पण मला सांगायचंत ना!" मीनाचा आवाज चढला. "रोज उपाशी राहायचात?"

"रोज नाय. रातचं जेवायचो की. रातचा कावळा नसतो." आबांनी पेला खाली ठेवला. "आन तुला काय सांगू? की तुझ्या आयेला तुझ्या हातचं आवडत नाय? आधीच तू रडत नायस. म्हटलं, हे ऐकून कुठं कोपऱ्यात जाऊन रडशील."

मीना पानावरचा अक्रोड उचलायला वाकली आणि गरजेपेक्षा जास्त वेळ वाकलेली राहिली.

आबांना पोळी-भाजी खाऊ घालून, भरलेल्या बॅगा आत तशाच ठेवून, ते मुरबाडला नेहमीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी मीनाची वही चाळली.

"सगळं लिहिलंय. वेळा कुठं आहेत?"

वेळा मीनाला आठवत होत्या. म्हैस दुपारी दीडची. किशोरचं लग्न दोनचं. सांगतासांगताच तिला कळत गेलं.

"ही गोळी जेवण येणार असं धरून चालते," बाई म्हणाल्या. "जेवण आलं नाही तर ती असलेली साखरही उतरवते. साखरेवाचून मेंदू चालत नाही. चढलेली साखर वाईट, हे तुम्ही बरोबर वाचलंत. उतरलेली साखर त्याच दिवशी गोंधळ घालते, आणि या वयात पुन्हापुन्हा उतरणं चांगलं नाही. तुम्ही सकाळी मोजायचात, भानगड व्हायची दुपारी." त्यांनी गोळी बदलून दिली. भात एक वाटी, आधी भाजी, डाळ, सुकट, मग भात.

आबांनी बाईंकडे देवाकडे पाहावं तसं पाहिलं.

मग बाईंनी त्यांना तीन शब्द सांगितले, कुऱ्हाड, आंबा, घोंगडी, आणि इकडचंतिकडचं बोलून परत विचारले.

"कुऱ्हाड, घोंगडी," आबा म्हणाले. थोडं थांबले. "तिसरं खायचं होतं. ते आमच्या मीनानं बंद केलंय."

बाई मोठ्यानं हसल्या. पण कागदावर त्यांनी दोनच लिहिलं. "दोन महिन्यांनी पुन्हा पाहू. थोडं विसरणं राहीलही. काही वयाचं, काही दुःखाचं."

घरी आल्यावर प्रश्न बॅगांचा होता. किशोर म्हणाला, "ताई, तुझी रजा संपेल. परत उपाशी बसले तर? आबा, कावळा येवो न येवो, वेळेवर जेवीन असा शब्द द्या. मग मी एकटाच जातो."

आबांनी मान हलवली. "तो शब्द तिला दिलेला हाय."

बाईजाकाकू कुंपणापलीकडून बोलली. "भावजी, सुंदरा उभ्या जन्मात तुमच्याआधी जेवली का? तुमाला वाढून, तुमचं ताट घासून, मग बसायची. आता मेल्यावर तिला आधी बसवताव? लाजंल ती."

"म्हणून तर," आबा म्हणाले. "पंचेचाळीस वर्षं माझ्या मागनं जेवली, उरलंसुरलं. एक वरीस तरी आधी जेवू दे."

बाईजाकाकू शेळीला उगाचच दाव्याला बांधायला गेली.

"आबा," मीना हळूच म्हणाली, "आधी तुम्ही नको आणि आधी आईही नको. एकदम बसा. तिचं पान मांडलंत की लगेच तुमचाही घास. नवराबायको एका वेळी जेवतात, शहापुरात सगळ्यांकडे."

"एकदम?" आबांनी विचार केला. "कुणी बघंल."

"कोण बघणार? शेळी?"

आबांच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. "एकदम कधी जेवलो नाय आमी," ते म्हणाले. जरा वेळानं म्हणाले, "बघू. बसू एकदम."

किशोर बॅगा तिथंच ठेवून वाशिंदला गेला. जाताना चार अक्रोड तेवढे खिशात घालून गेला.

दुसऱ्या दिवशी मीनानं भात टाकला. आबांनी भाजी, डाळ, भात असं पान मांडून धोंड्यावर ठेवलं, पाटावर बसले आणि पानाकडे बघतबघत पहिला घास घेतला. कावळा शेवग्यावर होता. त्यानं यायचं की नाही, हे आबांनी त्याच्यावर सोडलं.

अर्ध्या जेवणावर त्यांनी विचारलं, "मीने, तू जेवलीस का?"

तिनं नाही म्हटलं. आई गेल्यापासून हा प्रश्न तिला कुणी विचारला नव्हता. ती आतून आपलं ताट वाढून घेऊन आली आणि पडवीत भिंतीला टेकून बसली. भात गरम होता. डाळीत मीठ जरा कमी पडलं होतं. ते आबांनी सांगितलं.

थोड्या वेळानं त्यांनी पुन्हा विचारलं, "जेवलीस का गो तू?"

तिनं हातातल्या घासाकडे पाहिलं.

"जेवतेय, आबा," ती म्हणाली.