एकशे सत्तावीस सेंटिमीटर

गुरुवारी सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी विजयश्री ढोबळेच्या घराच्या भिंतीवर निळा पट्टा ओढला गेला. अंगणापासून वीतभर वर. विजयश्री दारातच उभी होती.

"म्हणजे आम्ही आत?"

"आत, ताई," बुद्धरत्न ब्रश पुसत म्हणाला. तो सर्वेक्षणाचं काम घेतलेल्या खासगी एजन्सीचा माणूस. सकाळपासून पवना नदीच्या काठाने घरोघर हाच पट्टा ओढत आला होता. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा मोठा पूर इथवर चढेल, असा त्या पट्ट्याचा अर्थ. ज्याची जमीन पट्ट्याच्या खाली, त्याचं घर निळ्या पूररेषेच्या आत. आणि रेषेच्या आत बांधकामाला मनाई. आधी नोटीस, मग सुनावणी, मग पाडकाम.

"पट्टा चुकलाय," विजयश्री म्हणाली.

"ताई, मशीनने मोजलंय."

"मशीन बरोबर असेल. पट्टा चुकलाय."

चाकणच्या एका कंपनीत ती एकोणीस वर्षं क्वालिटीला होती. गाडीच्या सुट्या भागांची भोकं मोजायची, मापात बसलं तर पास, नाही बसलं तर लाल खूण. दोन वर्षांपूर्वी साहेबाने चारशे नग न मोजता सही कर म्हटलं, तेव्हा तिने पेन खाली ठेवलं होतं. त्यापायी सहा महिने पॅकिंगला काढले.

तिने मागच्या पडवीतून गवंड्याची पारदर्शक नळी आणली, पाण्याने भरली आणि एक टोक शेजारच्या भैरूच्या हातात दिलं. "तुमच्या भिंतीवरच्या पट्ट्याला धरा, भाऊ."

भैरू जुन्या गावठाणातला. त्याच्या भिंतीवर पट्टा त्याच्या छातीला आला होता. "आमचं काय, वैनी," तो नळी धरत म्हणाला, "आमी पोहून ऱ्हाऊ. जागेचं भाडं न्हाई नदीत."

नळीतलं पाणी दोन्ही टोकांना हिंदकळलं आणि एका पातळीत स्थिरावलं. विजयश्रीच्या टोकाला ते पट्ट्याच्या बरंच खाली थांबलं. तिने पट्टी लावली.

"तीस सेंटिमीटर. पूर एकच ना? मग माझ्याकडेच तो तीस सेंटिमीटर जास्त का चढेल?"

बुद्धरत्नने वही उघडली. आकडे बोटाने तपासत गेला आणि एका ओळीशी थांबला. "एक बहात्तर हवं होतं. एक बेचाळीस लिहिलंय." तो ओशाळला. "सॉरी, ताई."

पट्टा पुसून नव्याने ओढला. आता तो घराच्या भिंतीवर नव्हताच. अंगण ज्या दगडी बांधावर तोललेलं होतं, त्या बांधावर आला. अंगणापासून दहा सेंटिमीटर खाली. घर रेषेच्या बाहेर.

सासूबाई, अंबूबाई, उंबऱ्यात बसून सगळं बघत होत्या. "सुटलो म्हन की मग," त्या म्हणाल्या. "च्या ठेवते."

"एवढा फॉर्म राहिला," बुद्धरत्नने कागद पुढे केला. "सोमवारपर्यंत कार्यालयात द्या. रेषा भराव वजा करून मूळ जमिनीवरून ठरते, त्यामुळे हे भरावं लागतं."

प्लॉटवर भराव केला आहे काय? असल्यास उंची.

तो पुढच्या घराकडे गेला. भैरू मात्र नळी गुंडाळत तिथेच रेंगाळला.

"न्हाई म्हून लिवा," तो हळू आवाजात म्हणाला. "समद्या वळीनं तेच लिवलंय. फरशी उकरून कोन बघतंय?"

विजयश्री त्याच्या अंगणाकडे बघत होती. दोन्ही घरांच्या जमिनी कधीकाळी एका पातळीत होत्या. अकरा वर्षांपूर्वी संत तुकाराम नगरमधली भाड्याची खोली सोडून ती आणि तिचा नवरा चिमाजी इथे आले, तेव्हा तो कामाला होता त्या फाउंड्रीतली जळकी वाळू आणून त्याने प्लॉट उचलून घेतला होता. पुराची भीती नको म्हणून. त्यानंतर पाणी तिच्या बांधाला अडलं आणि वळलं. भैरूच्या घरात दोनदा शिरलं. त्याआधी कधी उंबरा ओलांडला नव्हता. ह्या माणसाने एका शब्दाने तसं बोलून दाखवलं नव्हतं, आणि आता तोच तिला न्हाई म्हून लिवा सांगत होता.

"बघते, भाऊ," ती म्हणाली.

रविवारी सकाळी तिने अंगणातल्या चार फरश्या उचकटल्या आणि पहार घेतली.

"काय करायलीस गं?" अंबूबाई बाहेर आल्या.

"भराव मोजते."

"येडी का खुळी तू? ज्येला दिसू न्हाई म्हनावं, तेच उकरायलीस? माझ्या लेकानं खांद्यावर वाहून टाकलीय ती वाळू."

"त्याने टाकलीय म्हणूनच. अंदाजाने कशी लिहू?"

अंबूबाईंनी पदर तोंडाला लावला. जरा वेळाने त्याच घमेलं घेऊन आल्या आणि खड्ड्याच्या कडेला बसल्या. "आण हिकडं," एवढंच म्हणाल्या.

काळी वाळू निघत राहिली. मधूनच लोखंडाच्या मळीचे खडे. चिमाजीच्या कपड्यांना यायचा तो जळका वास अजून वाळूत होता. चिमाजी जाऊन पाच वर्षं झाली होती.  दुपारी पहारीला मऊ लागलं. खाली तपकिरी माती, तिच्यात वाळलेल्या गवताची मुळं. विजयश्रीने पट्टी सोडली, तीनदा वाचली.

सोमवारी कार्यालयातल्या खिडकीशी कारकून फॉर्म वाचत बसला. भराव: होय. उंची: एकशे सत्तावीस सेंटिमीटर. सोबत दुसरा कागद होता. माझा भराव मी मोजून दिला आहे. ह्याच पद्धतीने आमच्या ओळीतला आणि पलीकडच्या काठावरच्या मोठ्या सोसायटीच्या भिंतीमागचा भराव खणून मोजावा, आणि नदीची जागा कोणी किती घेतली ते ठरल्यावर माझ्या घराचा निर्णय करावा.

"ताई, हे तुम्ही स्वतःच्याच विरोधात लिहिलंय," कारकून म्हणाला. "परत घ्यायचं असेल तर घ्या. अजून नोंद नाही केली."

"नोंद करा. आणि पोच द्या. माझी दोनची शिफ्ट आहे."

त्याने शिक्का मारला. "पाहणीला माणूस येईल. पंचनामा होईपर्यंत खड्डा बुजवू नका."

त्याला आता सात आठवडे झाले. घराला नोटीस आली आहे, सुनावणीची तारीख दोनदा पुढे गेली आहे. पलीकडच्या काठावर कोणी मोजायला आलेलं नाही. खड्डा अंगणात उघडाच आहे. रात्री त्याच्यावर फळी टाकतात. कडा ढासळल्या की विजयश्री शिफ्टला निघण्याआधी आत उतरते, पडलेली वाळू घमेल्याने वर देते, अंबूबाई ती घेतात. तळाची तपकिरी माती पुन्हा स्वच्छ दिसू लागली की ती पट्टी लावून एकदा आकडा बघते, आणि वर येते.