पाण्याची गाडी

“दहा ओळी बास,” वाचनालयाच्या बाई नवा चष्मा नाकावर चढवत म्हणाल्या. “लढाईवर गेलेल्या आपल्या गावच्या प्रत्येकाचा एक फोटो आणि खाली दहा ओळी. आतल्या भिंतीवर लावायचंय सगळं. तुमच्या वडिलांचं तुम्हीच लिहून द्या.”

चष्मेवाल्याने त्यांच्या कानामागे बोट घालून पाहिलं, चष्मा काढून घेतला, दांडी जरा गरम करून वाकवली आणि पुन्हा त्यांच्या हातात दिली. तेवढ्या वेळात त्याच्या लक्षात आलं की आपल्याकडे दहा ओळी नाहीत. दोन आहेत. बाबा लढाईत पाण्याचा टँकर चालवत. भर तोफांच्या माऱ्यात पुलापलीकडच्या तुकडीला पाणी पोचवल्याबद्दल त्यांना पदक मिळालं. संपलं. ताई शाळेत असताना याच दोन वाक्यांवर भाषण करून बक्षीस घेऊन आली होती.

पुढचं सगळं त्याला माहीत होतं. लढाईवरून आल्यावर बाबा दुधाच्या गाडीवर लागले, निवृत्त होईपर्यंत तीच गाडी चालवली. मग जेवण झालं की दुकानात येऊन बसू लागले. कोपऱ्यातलं स्टूल त्यांचं. काच घासायच्या चाकाचा आवाज चालू असला की ते डोळे मिटून बसत आणि आवाज थांबला की उघडत. बोलणं बेताचंच. ‘हा नंबर कितीचा?’ ‘दूरचा का जवळचा?’ एवढंच. अशी वर्षामागून वर्षं गेली. मागच्या थंडीत बाबा गेले. स्टूलावर आता गिऱ्हाईक बसतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर ओढून तो आईकडे गेला. आई स्वयंपाकघरात मटार सोलत होती.

“लढाईत बाबांनी नक्की काय केलं गं? मला काही लिहून द्यायचंय.”

“काय करणार? पाणी नेलं,” आई म्हणाली. “सकाळी आम्ही विहिरीवरून टँकर भरून निघायचो. पुलाअलीकडे वळणावर थांबायचं. तोफा गप्प झाल्या की सुटायचं.”

“आम्ही?”

“ते म्हणजे.” ती दाणे ताटात सारत म्हणाली. “इतक्यांदा ऐकलंय की माझ्या तोंडातही तसंच बसलंय.”

शेंगा सोलायला घेतलेला त्याचा हात थांबला. “तुला सांगायचे ते?”

“मग कुणाला सांगणार?”

“मी होतो की. रोज समोर बसायचे माझ्या.”

“तू विचारलंस कधी?”

“नाही.”

“मग झालं तर.”

त्याला ते लागलं, पण तिने चूक काढली नव्हती. तो पुन्हा शेंगा सोलू लागला. पुढचे काही दिवस दुपारचं दुकान बंद राहिलं. आई सांगायची तेव्हा मध्येच उठून दूध बघायची, परत येऊन अचूक त्याच जागेवरून पुढे जायची. टँकरच्या दाराला कडी नव्हती, दोरी बांधलेली होती. बरोबरचा क्लीनर घोरायचा, इतका की बाबा म्हणत, शत्रूला आपला पत्ता हाच देणार. पुलापलीकडच्या तुकडीतल्या पोरांनी शेवटी गाड्यांच्या इंजिनातलं पाणी काढून प्यायलं होतं. बाबांचा टँकर पोचला तेव्हा एकाने नळालाच तोंड लावलं आणि दोघांना त्याला ओढून काढावं लागलं. चष्मेवाला ऐकून हसला. आईही हसली.

मग ती म्हणाली, “आता वाटेतलं.”

पदकाच्या दिवसाचीच गोष्ट. वरून हुकूम होता की वाटेत कुणासाठीही थांबायचं नाही. रस्त्याच्या दोन्ही कडांनी लोक चालले होते. घरंदारं सोडून निघालेले, डोक्यावर गाठोडी, कडेवर पोरं. ऊन मी म्हणत होतं. टँकरच्या झाकणातून पाणी हिंदकळून बाहेर सांडायचं, ते लोकांना दिसत होतं. हात वर होत होते. बाबा हॉर्न वाजवत पुढे जात होते. एक बाई पातेलं घेऊन गाडीच्या बरोबरीने पळायला लागली. ओरडत नव्हती, काही मागत नव्हती, नुसती पळत होती. खिडकीची काच खाली होती. हात बाहेर काढला असता तर पातेल्याला लागला असता, इतकी जवळ.

“मग?”

“मग ती मागे पडली. आरशात दिसत होती, नंतर धुळीत दिसेना.” आईने टरफलं गोळा केली. “ताई झाली त्या वर्षी पहिल्यांदा सांगितलं मला. पुढे अधूनमधून सांगायचे. दरवेळी तेवढंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही.”

“रडायचे?”

“छे. कधीच नाही. नीट जेवायचे, नीट झोपायचे. तू उगाच भलतं लिहू नकोस.”

रविवारी ताई आली. ती बँकेत होती आणि बँकेतल्यासारखीच वाचायची, बोट ओळीखाली धरून. भावाने लिहिलेला कागद तिने दोनदा वाचला आणि टेबलावर उलटा ठेवला.

“हे द्यायचं नाही.”

“का?”

“का म्हणजे? वर बाबांचा पदक लावलेला फोटो आणि खाली त्यांचीच नाचक्की? लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? माझी मुलं वाचतील तिथे.”

“खोटं आहे का पण?”

“खरं असलं तरी वेशीवर टांगायचं असतं का? हुकूम होता त्यांना. हुकमाचा ताबेदार माणूस तो, काय करणार?” तिने कागद पुन्हा सुलटा केला. “लिहायचंच असेल तर ही ओळ बदल. लिही, ‘गाडी थांबू शकली नाही.’”

आई भिंतीला टेकून बसली होती. “थांबू शकत होती,” ती म्हणाली. “ब्रेक चांगले होते.”

ताईने तिच्याकडे पाहिलं.

“‘मी गाडी थांबवली नाही’ असं म्हणायचे ते. ‘थांबली नाही’ असंसुद्धा कधी म्हणाले नाहीत. आणि पुलापलीकडची पोरं जगली, तेही त्याच्याखालीच लिही. ते दोन्ही एका दमात सांगायचे.”

“आई, त्यांना आवडलं असतं का हे?”

“मी विचारलं होतं, मुलांना सांगू का म्हणून. म्हणाले, मी आहे तोवर नको. नंतर तुला वाटलं तर बघ.” आईने गुडघ्यावर हात ठेवला. “मला वाटलं. माझ्यामागे कोण सांगणार होतं?”

ताईने पर्स उचलली. दारात चप्पल घालताना ती भावाला म्हणाली, “तुझं बरंय, तुला त्यांचं काही माहीतच नव्हतं. मी चारचौघांत भाषणं केली आहेत त्यांच्यावर.” चहा तसाच राहिला.

चष्मेवाल्याने पुढचे चार-पाच दिवस तोच कागद पुन्हा पुन्हा लिहिला. गिऱ्हाईक नसलं की काढायचा. घोरणारा क्लीनर एकदा खोडला, मग परत घातला. ताईचं म्हणणं त्याला पटत नव्हतं असं नाही. एका दुपारी त्याने तिची ओळ लिहूनही पाहिली. वाचायला बरी होती. पण ती वाचताना बाबांचा आवाज काही केल्या ऐकू येईना, आणि आईने सांगितलेली वाचली की लगेच यायचा. त्याने आईचीच ठेवली आणि कागद वाचनालयात नेऊन दिला. बाईंनी तिथेच उभ्याने वाचला. “अकरा ओळी झाल्यात,” त्या म्हणाल्या, आणि कागद वहीत ठेवत, “असू दे. काही काढू नका.”

भिंत लोकांसाठी खुली झाली त्या दिवशी तो आईला हाताला धरून घेऊन गेला. ताईला निरोप दिला होता, ती आली नव्हती. गर्दी बेताची होती. लोक आपापल्या माणसासमोर थांबत होते आणि बाकीच्यांवरून नजर फिरवत पुढे सरकत होते. बाबांच्या फोटोसमोर कुणी थबकलं, कुणी नाही. नाचक्की वगैरे काही झाली नाही. एक गृहस्थ क्लीनरच्या ओळीवर हसले, पुढचं वाचलं आणि निघून गेले. आईने सगळं ओठ हलवत वाचलं. “बरोबर आहे,” म्हणाली, आणि बाकावर जाऊन बसली.

वाचनालय बंद व्हायच्या सुमाराला ताई आली, ऑफिसातून तशीच. भावाशी बोलली नाही. फोटोसमोर उभी राहिली आणि बोट काचेवर टेकवून पहिल्या ओळीपासून वाचू लागली. बोट शेवटच्या ओळीशी आलं, मग वर गेलं, मधल्या एका ओळीशी थांबलं. मग मागे न बघता तिने विचारलं, “त्या पातेलेवाल्या बाईचं पुढे काय झालं गं?”

“माहीत नाही,” आई म्हणाली. “त्यांनाही माहीत नव्हतं.”

वाचनालयाच्या बाई पलीकडच्या टोकापासून एकेक खिडकी लावत येत होत्या. या तिघांच्या जवळची तेवढी त्यांनी उघडी ठेवली आणि त्या आत निघून गेल्या.