चौदा नंबर नसलेली यादी

माझं काम मोजायचं. विद्यापीठाच्या ग्रंथालयात तेवीस वर्षं मी एकच गोष्ट मोजते: कुणाच्या संशोधनाचा दाखला पुढे किती जणांनी दिला. त्याला सायटेशन म्हणतात. माझा आकडा लागल्याशिवाय बढतीची फाइल हलत नाही, म्हणून भलेभले प्राध्यापक माझ्याशी गोड बोलतात. मी कुणाला भीक घालत नाही. आकडा तो आकडा.

न वाचता दाखले उतरवणारे मी त्यांच्या चुकीवरून पकडते. एकाने पान क्रमांक चुकवला की मागचे दहा जण तोच चुकीचा क्रमांक छापतात. मूळ लेख उघडायची तसदी कोण घेतो? चुकीच्या मागे गेलं की कुणी कुणाची कॉपी मारली ते बरोबर कळतं.

त्या आठवड्यात ग्रामविकास विभागाच्या मॅडमची फाइल आली. गावातल्या पाणीयोजना चार वर्षांत बंद का पडतात, यावर बाईंनी उभं आयुष्य घातलेलं. करार संपत आला होता आणि कायम व्हायला साठ दाखले लागत होते. मी तीनदा मोजले. एकोणीस. समिती शुक्रवारी बसणार होती.

सांगायला गेले तर मॅडम पुस्तकं खोक्यात भरत होत्या. “तुमचा आकडा बरोबरच असणार,” त्या म्हणाल्या. चिडल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

फाइलला जोडायचा म्हणून त्यांचा जुना लेख चाळला. शेवटच्या पानावर यादी होती, पंप चालवणाऱ्याने रोज काय काय तपासायचं त्याची. शेवटचा नंबर बावीस, पण तेरानंतर थेट पंधरा. छापणारे झोपले होते की काय, असं पुटपुटत मी फाइल मिटली.

बुधवारी रजा टाकून ताईकडे गेले. दाजी त्यांच्या गावची पाणीयोजना सांभाळतात. त्यांना जेवायला बोलवायला पंपघरात शिरले तर ते फोनवर होते. “नऊ बघितलंस? अकरा? मग सोळा गेलं असणार. सोळा बदल.”

“दाजी, लॉटरी लावताय का?”

“खालच्या गावचा पंपवाला आहे. सोळा म्हणजे वॉशर,” म्हणत त्यांनी भिंतीकडे हनुवटी उडवली.

भिंतीवर तेलकट कागद, हाताने लिहिलेला. तेरा. पंधरा. सोळा, वॉशर. चौदा इथंही नव्हतं. तिथल्या बादलीवर मी तशीच बसले.

“हे कुणी लिहिलं?”

“आधीच्या माणसाने दिलं. त्याला त्याच्या आधीच्याने. हा कागद लागल्यापासून पंप कधी आठवडाभर बंद नाही राहिला. इथले सगळे नंबरानेच बोलतात. चौदा कुठं गेलं, देव जाणे.”

जेवण राहिलं बाजूला. मी दाजींना ओळखीच्या प्रत्येक पंपवाल्याला फोन करायला लावला, त्यांना पुढच्यांना करायला लावला. ताई वैतागली, मग तीही फोन घेऊन बसली. फोटो येऊ लागले. पत्र्याच्या दारावर रंगवलेली यादी, फळीवर कोरलेली, औषधाच्या खोक्यामागे लिहिलेली. दोन फोटोंतली भाषा मला वाचताही येईना, पण आकडे ओळखले. तेरा, पंधरा. मॅडमचं नाव कुठेच नव्हतं. दोनशेनंतर मी मोजणं सोडलं. भीती वाटली, खरं सांगते. एवढी माणसं त्या एका पानावर पाणी पीत होती आणि मी एकोणीस लिहून मोकळी झाले होते.

गुरुवारी मॅडमना गाठलं. “चौदा का नाही?”

“चौदावा मुद्दा चुकीचा होता,” त्या म्हणाल्या. “एका पंपवालीने तोंडावर सांगितलं, मॅडम, असं केलंत तर पाइप फुटेल. म्हणून छापण्याआधी काढून टाकला. पण तोवर तिला आणि तिच्या जोडीदारणींना बाकीचे नंबर पाठ झाले होते. म्हटलं, त्यांचे नंबर कशाला बिघडवायचे?”

मी फोटो पुढे केले. बराच वेळ त्या एकेक बघत राहिल्या. मग चष्मा काढून पदराने पुसला आणि पुन्हा पहिल्यापासून बघू लागल्या.

शुक्रवारी समितीच्या अध्यक्षांनी मान वर न करता विचारलं, “आकडा?”

“कागदावरचे एकोणीस. बाकीचे मला मोजता आले नाहीत.”

“तुम्हाला?” आता मात्र त्यांनी मान वर केली.

“खाली चला, दाखवते.”

कुरकुरत पाचही जण माझ्यामागे ग्रंथालयाच्या तळघरात उतरले. आमच्या इमारतीला पाणी चढवणारा पंप तिथेच आहे. आदल्या दिवशी सहज म्हणून डोकावले होते. तेवीस वर्षं ते पाणी पितेय, पण त्या दाराआत कधी गेले नव्हते.

पंपवाला पाठमोरा, वाकून काहीतरी आवळत होता. “थांबा जरा,” तो न वळता म्हणाला, “पंधरा चाललंय.”

अध्यक्ष भिंतीवर लिहिलेल्या यादीपाशी गेले. वरून खाली बोट फिरवत आले आणि मधेच थांबले. “चौदा कुठंय?”

मी मॅडमचा लेख उघडून त्यांच्या हातात दिला. त्यांनी पान बघितलं, भिंत बघितली, पुन्हा पान बघितलं.  मागे पंप चालू होता.

मग त्यांनी माझ्याकडून मॅडमचा अर्ज मागून घेतला, भिंतीला टेकवून शिफारशीखाली सही केली आणि पेन पुढच्याला दिलं. पाचही सह्या झाल्यावर अध्यक्षांनी आकड्याच्या रकान्यावर बोट ठेवून मला विचारलं, “इथं काय लिहायचं?”

“मला माहीत नाही,” मी म्हटलं.

रकाना तसाच ठेवून मी फाइल मिटली आणि मॅडमना खोकी उघडायला सांगायला वर गेले.